मशीनला आवतण

गवत दिसलं की मामाजी आधी चपला काढत. मग डोळे मिटून चार पावलं चालत आणि निकाल देत, "दुधाच्या गायीले चांगलं हाये." ते गवत बुलढाण्यातल्या एखाद्या साहेबाच्या बंगल्यापुढचं असलं, आणि साहेबाकडे गाय नसून अल्सेशियन कुत्रा असला, तरी निकाल बदलत नसे. मामाजींच्या या गायीपायीच आमचा धंदा बुडाला, असं मी पुढे बरीच वर्षं सांगत होतो. खरं म्हणजे बुडायला तो आधी तरंगायला हवा होता.

मामाजी म्हणजे आईचे थोरले भाऊ, सोनाळ्याचे. शेती धाकट्यांवर सोपवून आमच्याकडे बुलढाण्याला येऊन राहिले होते. महाराष्ट्र तेव्हा नवा होता, मीही नवाच बी.ए. झालो होतो, आणि दोघांचं पुढे कसं होणार याची गावात सारखीच काळजी होती. अशात बदली होऊन निघालेल्या एका साहेबाच्या सामानातून मामाजी गवत कापायचं मशीन घेऊन आले. दोन चाकं, मध्ये वळणदार पात्यांचा रूळ, मागे लांब लाकडी दांडा. ढकललं की पाती फिरत. "भाचेबुवा, नोकरीच्या मांगं काऊन पयता?" मामाजी म्हणाले. "साहेब बदलून जाते, गवत थोडंच बदलून जाते!" मला ते एकदम पटलं. अर्थशास्त्र माझा विषय होता.

धंद्यात कामाची वाटणी सरळ होती. कोट घालून बंगल्याबंगल्यांतून काम मिळवायचं ते मी. काम मिळालं की कोट काढून मशीन ओढायचं तेही मीच. चढावर नुसतं ढकलून ते हलेना, म्हणून मामाजींनी पुढे दोर बांधला. दोर माझ्या खांद्यावर, मागे दांडा धरून ते. आमच्याकडे मामाने भाच्याच्या पाया पडायची रीत, आणि मामाजी रीतीचे पक्के. रोज सकाळी ते वाकून माझ्या पाया पडत आणि मग मला जुंपत. कॉलेजातला एखादा मित्र रस्त्यात थांबून विचारी, "काय बे, औत काढलं का?" मी मान वळवत नसे. वळवली की मागून मामाजी बैलाला करतात तसं "हाऽ हाऽ" करत.

पहिलं मोठं काम एका इंजिनिअर साहेबांचं. मी वार ठरवून आलो. मामाजी अनवाणी फिरून आले आणि त्यांनी तो वार पुढे ढकलला. "अजून कोवयं हाये. कोवयं कापू नाही. जरा भरू द्या." पावसाळ्याचे दिवस. गवत भरलं, त्याला तुरे आले, मामाजींच्या चेहऱ्यावर समाधान दिसू लागलं. मग मशीन घातलं. ते दोन हात गेलं आणि दातखीळ बसल्यासारखं थांबलं. साहेबांना हिरवळ हवी होती, आम्ही त्यांना कुरण करून दिलं होतं. शेवटी विळे घेऊन दोघांनी बसून कापलं. मामाजींनी पेंढ्या बांधून व्हरांड्यात रचल्या आणि बाईसाहेबांना सांगितलं, "वाया जाऊ देऊ नका, बाई." ते फाटक आम्हाला पुन्हा उघडलं नाही.

उरलेल्या एकदोन बंगल्यांच्या जोरावर आईने माझ्या लग्नाचं पाहायला घेतलं. मुलगी कोर्टातल्या नाझरांची. मी तिला एकदा देवळात पाहिलं होतं आणि तेव्हापासून माझी झोप उडाली होती. आईने निरोप धाडला, मुलाचा मशिनरीचा धंदा आहे. नाझर मूळचे रोहिणखेडच्या शेतकरी घरातले, सावध माणूस. त्यांनी उलट कळवलं, पोळ्याची सुट्टी आहे, मशीन चालताना पाहायला येतो.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण देतात. मामाजींनी मशीनच्या दांड्याला हळद-तूप चोळलं आणि हात जोडून म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." वाटीत उरलेलं त्यांनी माझ्या खांद्यावर चोळलं आणि मलाही तेच म्हणाले. दोराने सोलपटलेल्या खांद्याला बरं वाटलं, म्हणून मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी नाझर आले तेव्हा मशीन पाटावर होतं. चाकांना गेरू, दांड्याला घुंगरमाळ, पुढे पुरणपोळी. मी दोर घेऊन सरसावलो. मामाजी आडवे आले.

"आज नाही. आज पोया हाये."

"मामाजी, माझ्या लग्नाचा प्रश्न आहे!"

"हाव, म्हाईत हाये मले. पण सारा पावसाया राबलं ते. आजच्या रोज हात लावू देणार नाही."

हातातोंडाशी आलेला घास एका लोखंडापायी जात होता. मला मामाजींचा इतका राग कधी आला नव्हता. नाझरांनी डोक्यावरची टोपी सारखी केली, वाकून मशीनला कुंकवाचं बोट लावलं आणि आईला म्हणाले, "ज्या घरात लोखंडाले सुट्टी भेटते, तिथं माह्या पोरीले बी इसावा भेटन."

पुढे दिवाळीच्या सुमारास गवत वाळलं. धंदा त्याच्या आधीच वाळला होता. लग्न झालं, मी शाळेत मास्तर झालो. मशीन परसात पडून राहिलं, पण दर पोळ्याला मामाजी आम्हा दोघांचे खांदे शेकत. माझा खांदा केव्हाच बरा झाला होता. तरी मी सदरा काढून मशीनशेजारी बसायचो.

मामाजी एका उन्हाळ्यात गेले. त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बायकोने हळद-तुपाची वाटी गरम करून माझ्या हातात दिली. मी दांड्याला तूप चोळू लागलो. मामाजी धरायचे तिथे लाकूड गुळगुळीत झालं होतं. मला एकदम रडू आलं.

"आवतण द्या ना," बायको हळूच म्हणाली.

मी हात जोडले. "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

दुसऱ्या दिवशी तिने काही न विचारता मामाजींच्या जागी एक ताट जास्त वाढलं.