निघोज्याच्या डोहातलं विमान

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापासून काही लपवणं किती कठीण, ते आमच्या गल्लीला ठाऊक आहे.

निघोज्याच्या डोहातून महायुद्धातलं विमान ज्याने शोधून काढलं, तो मी. चाकणच्या बाजारात मला अजून 'इमानवाला' म्हणतात. काय तो दिवस! पिंपरीला नवा कारखाना उभा राहत होता, तिथून साखळी मागून आणली. मी बुडी मारून ती शेपटीला अडकवली, तिला मोटेचे नाडे बांधले, सहा बैलजोड्या जुंपल्या. बैलं गुडघ्यांवर आली, नाडे करकरले — आणि गाळातून शेपटी वर आली. "आलं, आलं! इमानच हाय राव!" खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती. आजही फुगते.

आत वैमानिक होता. म्हणजे त्याची हाडं, आणि मनगटात कडं. पंजाबातून दर उन्हाळ्यात मुलाचा माग काढत येणाऱ्या म्हाताऱ्या सरदारजींनी ते ओळखलं, कपाळाला लावलं आणि मला घट्ट मिठी मारली.

पण — शोधलं म्हणजे काय हो? मला तर ते पडलं त्या दिवसापासून ठाऊक होतं.

भर पावसाळ्यात मी डोहाच्या काठावर म्हशी राखत होतो, एकटाच. विमान ढगातून आलं आणि पुरात गडप झालं. मग पंखाखालची पेट्रोलची रिकामी टाकी तरंगत काठाला लागली. ॲल्युमिनियमची, हलकी. मी आधी ती झाडीत लपवली. माणूस वर येतोय का, ते नंतर पाहिलं.

टाकी कापून मी विहिरीची मोट केली. तशी हलकी मोट पंचक्रोशीत नव्हती. माझा कांदा सगळ्यांच्या आधी बाजारात जायचा. लष्कराची माणसं विचारत आली, तेव्हा मी हात लांब केला. "तिकडं गेलं सायेब, डोंगरापल्याड." मोट जाईल, वर तुरुंग — एवढीच भीती.

स्वराज्य आलं, सरदारजी येऊ लागले. त्यांचा वाटाड्या कोण? मीच. तळेगावची तळी, मारुंजीच्या विहिरी — सगळीकडे उन्हातान्हात फिरवलं, फक्त डोह सोडून. जेवायला माझ्याच ओसरीवर बसायचे. मला घास जायचा का? जायचा. चांगला जायचा.

मग शेवटी डोह का दाखवला? दया आली? छे. विहिरीवर इंजिन बसलं, मोट लागेनाशी झाली. ती ठोकून चपटी केली, डोहात टाकली आणि त्या उन्हाळ्यात मीच म्हणालो, एकदा डोहही बघू.

मिरवणूक निघाली तेव्हा सरदारजी माझा हात धरून म्हणाले, "इसकी माँ होती तो आज..." ती नुकत्याच सरलेल्या हिवाळ्यात गेली होती. पोरगा येईल म्हणून शेवटपर्यंत दाराला कडी लावू द्यायची नाही.

म्हणजे आदल्या उन्हाळ्यात ती होती.

"देवाची मर्जी," मी म्हणालो. तेवढ्यात पोरांनी मला खांद्यावर उचललं, गुलाल उधळला, आणि मी दोन्ही हात वर करून नाचलो.