दाराकडे पाठ करून बसलेला ऑटोवाला

त्याचं नाव मी विचारलंच नाही. वाशीमच्या प्राणिमित्रांनी सांभाळलेली एक लंगडी, पोक्त कुत्री मी घ्यायची ठरवली आणि ती त्याच्या ऑटोतून आमच्या अनसिंगला आली. दोन घरांनी तिला परत पाठवलं होतं, कारण ती आतही यायची नाही आणि खायचीही नाही. आमच्याही उंबऱ्याबाहेर ती अंग चोरून बसली. मी दूधपोळीची वाटी पुढे करून 'ये गं, ये गं' करत राहिले.

"आजी, असं टक लावून नोका पाहू," तो म्हणाला. "नवी सून आली अन् सारी गल्ली तिच्या तोंडाकडे पाहून राह्यली, तं थे घास कसा गिळन?"

मला हसूच आलं. माप ओलांडून याच घरात आले तेव्हा मीही दिवसभर उपाशी बसले होते. स्वतःला मोठी शालीन समजत होते, दिसत होते खुडूक कोंबडीसारखी!

"हिलेबी परत नेशीन का रे, बाबा?"

"चहा तं होऊ द्या, आजी."

त्यानं वाटी दाराच्या आत ठेवली, दाराकडे पाठ करून जमिनीवर बसला आणि मलाही तसंच बसवलं. चहा बशीत ओतून इतका सावकाश फुंकत राहिला, की जणू वाशीमला त्याची कोणी वाटच पाहत नव्हतं. तेवढ्यात मागे फरशीवर नखं वाजली. मी मान वळवणार, तोच त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

वळले नाही मी. पण समोरचा स्टीलचा तांब्या मी रोज लख्ख घासते, तो काय उगाच? त्यात दिसली मला, उंबरा ओलांडून वाटी चाटणारी आमची नवी सून.