चेहऱ्यावरचं पाणी

साऱ्या गिरगावात माझ्या मावशीच्या यजमानांइतका अब्रूला जपणारा माणूस झाला नाही, आणि अब्रूपायी इतका भिजलेला तर नाहीच नाही. काका कोर्टात कारकून होते. दूधवाला 'आज पातेलं लहान आणलंत' एवढं म्हणाला, तरी ते अब्रुनुकसानीची फिर्याद ठोकायला निघत. मात्र आधी त्याला शब्दाचा अर्थ सांगत. "अब्रू मूळची फारसी. आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचं पाणी! ते तू उतरवलंस." तोवर दूधवाला पुढच्या बिऱ्हाडी पोचलेला असे आणि फिर्याद राहून जाई. या व्युत्पत्तीवर काकांची इतकी श्रद्धा, की भांडायला किंवा चारचौघांत जायला निघाले की ते चाळीच्या मोरीत तोंड धुवत आणि पुसत नसत. मावशी पंचा घेऊन मागे धावे. "अहो, शर्ट भिजतोय!"

"भिजू दे. पुसायचं नाही."

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला निघतानाही ते असेच मोरीत शिरले. तोंडाला साबण लावला आणि नळ गेला. मावशी खोलीला कुलूप घालून बायकांबरोबर केव्हाच पुढे गेली होती. नळाला पाणी आलं तेव्हा मोर्चेकरी घरी परतत होते. दुसऱ्या दिवशी शेजारच्या तात्यांनी चाळीच्या फळ्यावर, चळवळीच्या बातम्यांखाली, खडूने लिहिलं: 'मोर्चा निघताच काका मोरीत लपले.'

या वेळी काकांनी फिर्यादीचं नावही काढलं नाही. जिन्यात पोरं हसत, म्हणून त्यांनी गॅलरीत बसणं सोडलं. मला एकदाच म्हणाले, तेही हळू, "लपलो नव्हतो रे. थांबलो होतो." तेव्हापासून मोरीत त्यांची एक बादली कायम भरलेली असे.

पुढे एका दुपारी, फळ्यावरची ती ओळ अजून तशीच असताना, नाक्यावर अश्रुधूर सुटला. तात्या भिंत चाचपत जिना चढले. "मेलो! डोळे गेले माझे!" काकांनी त्यांना मोरीत ओढलं आणि अख्खी बादली, तांब्यामागून तांब्या, त्यांच्या तोंडावर रिकामी केली. डोळे उघडले तर समोर काका. तात्या ओशाळले.

"काका, चुकलं माझं. फळा आत्ता पुसतो." आणि त्यांनी पंच्याला हात घातला.

काकांनी तो हात धरला. "फळा पूस. तोंड पुसू नकोस, तात्या. आब म्हणजे पाणी..."

तात्यांनी निथळत उभं राहून सगळा अर्थ ऐकला. शेवटपर्यंत ऐकणारा माणूस काकांना तो पहिलाच मिळाला.

गेल्या महिन्यात काका गेले. शेवटची आंघोळ घालताना त्यांचं तोंड मी धुतलं. मावशीने सवयीने पंचा पुढे केला, आणि मग तिचा तिनेच मागे घेतला.