शुरीच्या चढावर

भुताखेतांचं कुणी काढलं की मी उठून कामाला लागायची. आता माझंच वहीत लिहिते आहे…

माझं गाव पवनीजवळ. मुलगा हरीश जपानच्या ओकिनावा बेटावर हॉटेलात स्वयंपाकी आहे, शुरी नावाच्या मोहल्ल्यात राहतो. यांना, हरीशच्या वडलांना, लकवा झाला, तेव्हापासून वाचा बंद. दर रविवारी दुपारी हरीश व्हिडिओ कॉल करून यांना मोहल्ला फिरवायचा — लाल कवेलूंच्या छपरांची घरं, छतावर मातीचे सिंह, खांबांवरून धावणारी रेल्वे, दगडी चढाची वाट आणि वर राजाचा किल्ला. तो जळाला होता म्हणे, पुन्हा बांधतात. हे खाटेवरून मान हलवायचे.

एका बुधवारी हे गेले. हरीशची नोकरी नवी. आला तर ती जाईल, ही मला भीती. मी दिरांना म्हटलं, "भाऊजी, त्याले सांगू नोका."

"आन् वहिनी, आग कोण देईन?"

"तुमीच द्या."

त्यांनी दिली.

रविवारी फोन आला. "बाबा पाहून राहिले," मी म्हटलं, आणि नुसतं छत दिसेल असा फोन रिकाम्या खाटेवर ठेवून अंगणात जाऊन बसले. त्याच्याशी बोलायची हिंमतच नव्हती.

अर्ध्या तासानं आत आले, तर हरीश हसत होता, रडतही होता. "आई, बाबाची वाचा आली वो! तू सांगतलं काहून नाही?"

मी फोन उचलून घेतला. "काय… काय म्हणाले?"

"म्हणे, पवनीच्या किल्ल्याहून मोठा हाये का रे? वावरं, धानाच्या बांध्या काहून नाही दिसत? आन् चढावर म्हणे, हऱ्या, हळू चाल ना, मले दम लागून राहिला."

घरात कुणी नव्हतं. अर्धा तास दार माझ्या डोळ्यांसमोर होतं.

संध्याकाळी मी त्याला फोन करून सांगितलं — बाबा आत्ताच गेले. खूप रडला. मग म्हणाला, "जाताना माह्यासंग बोलले तरी." त्यावर खरं कसं सांगू?

आता वर्ष झालं. त्यानं तिथं त्या रविवारची तिथी धरून भाताचं पान ठेवलं, भाऊजींनी इथं त्या बुधवारची. मी दोन्ही दिवशी हात जोडले. दिवाळीला तो येतो आहे.

परवा सहज म्हणाला, "आई, त्या दिवशी बाबानं तुह्याबद्दलबी विचारलं होतं. मी म्हटलं, बलावू का? त म्हणे, राहू दे, भेली असन तुही माय."

खाटेवरून कोण बोललं, मला आजही सांगता येत नाही. मी भ्याले होते, हे मात्र खरं… अजून भिते.