बॅटरी नसलेल्या मोबाईलवरचा फोन

आधीच सांगते, भूतखेतं, संकेत, असलं काही मी मानत नाही. शाळेत विज्ञान शिकवते मी. त्यामुळे हे लिहितानासुद्धा माझीच माझ्यावर चिडचिड होतेय...

आम्ही धारूरला राहतो, किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्याला. माझ्या सासूबाईंना – आम्ही त्यांना आत्या म्हणतो – विसरण्याचा आजार आहे. अंबाजोगाईच्या डॉक्टरांची औषधं चालू आहेत. विसरणं एकवेळ परवडलं, पण त्यांचा तो मोबाईल... दिवसभर सगळ्या नातेवाइकांना फोन. मी वर्गात असले तरी, "कावून उचलत न्हाईस गं? माझा चष्मा कुटंय?" चष्मा डोळ्यांवरच. शेवटी ह्यांनी त्यांच्या बटणाच्या मोबाईलमधलं सिम आणि बॅटरी काढून घेतली. रिकामा मोबाईल कानाला लावून आत्या खूश, आणि आम्हीही.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी, भर दुपारी मी अंगणात पापड वाळत घालत होते. आत बसून आत्या मोबाईलवर बोलत होत्या, "हां शांते... कुटं? गोठ्यामागं?"

शांतामावशी म्हणजे त्यांची धाकटी बहीण. चकलांब्याला एकट्या राहतात, शेळ्या पाळतात.

आत्या बाहेर आल्या. "शांती पडलीय. पाय हालत न्हाई म्हणती. पाणी मागती."

"आत्या, तुमचा फोन बंद आहे."

"मग तुझ्या चालू फोनवरून लाव की."

मी लक्ष दिलं नाही. त्या तेच तेच बोलत माझ्या मागे फिरत राहिल्या, पापडांवर पाय देत. शेवटी वैतागून मावशींना फोन लावला. उचलला नाही. परत लावला, तरी नाही. मग त्यांच्या शेजारणीला सांगितलं, "जरा बघून या हो, इथं आमच्या आत्यांनी डोकं खाल्लंय माझं."

थोड्या वेळानं शेजारणीचाच फोन आला. मावशी गोठ्यामागे पडलेल्या, खुबा मोडलेला, सकाळपासून उन्हात. मोबाईल घरात चार्जिंगला.

बीडला दवाखान्यात मी मावशींना विचारलं, कुणाला फोन केला होता का.

"फोन कशाचा गं? नुस्ती अक्काला हाका मारत व्हते."

हे म्हणतात, योगायोग. असेल. पण मग 'गोठ्यामागं' कुठून आलं? त्याचाच मला जास्त राग येतो.

आत्यांनाही सोबत नेलं होतं. मावशी त्यांचा हात धरून रडत होत्या. आत्यांनी मला जवळ ओढून हळूच विचारलं, "ही बाई कोण हाय गं? कावून रडती?"