माझी चोट्टी अन् कॅमेरावाल्या मॅडम

मंडळी, सकाळपासून डोक्यात भुंगा लागला आहे. तुमीच सांगा, माझा संशय खोटा आहे का?

आज आमच्या मानोऱ्याकडच्या अंगणवाडीत पुण्याहून एक मॅडम आल्त्या. आई लेकराशी कशी बोलते अन् त्यानं लेकराचा मेंदू कसा घडते, याच्यावर त्यायचं संशोधन आहे म्हणे. कॅमेरा लावला अन् म्हणाल्या, "घरी बोलता तसंच बोला."

मी माझ्या दीड वर्षाच्या पोरीले हाक मारली, "काहून वं चोट्टे, कुठं पळून राह्यली? ये इकडं, लुच्चे!" पोरगी खिदळत येऊन गळ्यात पडली अन् परत समोर जाऊन खेळत बसली.

मॅडमनं हळूच विचारलं, "तुम्ही तिला नेहमी शिव्या देता का?"

शिव्या? आमच्याकडं लाड असाच करतात! पण त्यायच्या गोड हसण्याचा मले भरोसा वाटला नाही. हे कोणाले दाखवतील, काय सांगतील? मी घाबरली अन् पुस्तकातल्यासारखी बोलली, "बाळ, इकडे ये पाहू."

पोरगी हालली नाही. हे बाळ कोण आलं म्हणून तिनं मागं वळून पाह्यलं.

मॅडम "छान" म्हणाल्या अन् कॅमेरा घेऊन गेल्या.

म्हणजे त्या कॅमेऱ्यात आई आधी शिव्या देते, मग गोड बोलते, तर लेकरू वळखत नाही. यावरून आमच्या लेकरायच्या मेंदूचं काय ठरवतील?

तुमी लेकराले लाडानं काय म्हणता? खरं लिहा. इथं कॅमेरा नाही.