पलीकडच्या सीटवरून इंदापूर

बारामतीहून इंदापूरला जायला एसटी आहे, वडापची जीप आहे, आमचा स्वतःचा पिकअप आहे. एवढं सगळं सोडून मी गेले ती पन्नास वर्षं जुन्या इटलीच्या लाल गाडीतून. तिच्यात माणसं बसतात दोन, आणि उंची माझ्या कंबरेएवढी. हौस माझी नव्हती. माझं सीट बनवायचं दुकान आहे. शाळा चौथीपर्यंत, त्याच्यापुढं सुई, दोरा आणि फोम. ट्रॅक्टर, पिकअप, शाळेच्या व्हॅन, अख्ख्या तालुक्याची बुडं माझ्या हाताखालून गेली आहेत.

गाडी डॉक्टरसाहेबांची. वय सत्तरच्या पुढं. दवाखाना मुलाच्या ताब्यात दिलाय आणि स्वतः दिवसभर गाडी पुसतात. महिन्यापूर्वी दुकानात आले.

"मालन, पलीकडचं सीट असं कर की आमच्या मंडळी त्यात बसल्या पाहिजेत."

"का, आता बसत न्हाईत व्हय?"

"नऊ वर्षं झाली. पाठ दुखते म्हणते. तिच्या बहिणीचं घर इंदापूरला, तिथं तिला ह्याच गाडीतून न्यायचंय. एकदा तरी. ती बसणार नसेल तर ही गाडी ठेवून मी करू काय?"

बोलताना म्हातारा बघत होता गाडीकडं, त्यामुळं जीव नक्की कुणासाठी तुटतोय ते मला समजलं नाही. पण काम घेतलं. सीट म्हणजे घमेलंच होतं, तेही मागं कललेलं. खाली कडक फोम घातला, कमरेला उशी दिली, वर मऊ चामडं. आणि सांगितलं, "सीट दुकानात कळत न्हाय. आदी मी त्याच्यावर बसून इंदापूरला जाऊन येणार, मग वैनींना बसवा."

निघायच्या दिवशी सकाळी नऊला त्यांच्या बंगल्यावर पोचले. वैनींनी पाण्याची बाटली हातात दिली.

"सीट आता एक नंबर झालंय, वैनी."

"सीट पहिल्यापासून बरंच होतं गं," म्हणाल्या आणि आत गेल्या.

आता ज्यांना असल्या गाडीत बसायची स्वप्नं पडतात त्यांच्यासाठी सांगते. दार उघडायचं, पाठमोरं व्हायचं, आधी बूड खाली सोडायचं. ते कुठं टेकतंय हे देवाला माहीत. मग एकेक पाय हातानं उचलून आत घ्यायचा. साडी असेल तर नऊवारीच बरी, मी पाचवारीत गेले आणि पस्तावले. बसल्यावर तुमचं डोकं रस्त्यावरच्या कुत्र्याच्या डोक्याला समान येतं. पायाखालनं इंजिनची धग येते. गरम पाण्याची पिशवी समजा, फक्त ती बाजूला ठेवता येत नाही.

चालवणाऱ्याची तऱ्हा वेगळीच. स्टेरिंग एसटीसारखं आडवं आणि लांब, पायातले पेडल मात्र एकदम जवळ आणि एका अंगाला सरकलेले. म्हणजे हात ताठ आणि गुडघे फाकलेले. ज्यानं ही गाडी बनवली त्याच्या देशात माणसांचे हात गुडघ्यापर्यंत येत असणार आणि पाय अर्धेच असणार. डॉक्टर म्हणाले, "ह्याला म्हणतात ड्रायव्हिंग पोझिशन. गाडी अंगात घालावी लागते." म्हटलं, घाला. मापाची असती तर बरं झालं असतं.

पिंपळीपर्यंत मजा आली, खोटं कशाला बोलू. थंडी होती, ऊन कोवळं होतं, आणि आवाज असा की शेतातली माणसं कामं सोडून उभी. काटेवाडीच्या गतिरोधकावर गाडीचं पोट घासलं आणि डॉक्टरांच्या तोंडून असा आवाज आला की मला वाटलं त्यांचंच पोट घासलं.

सणसरला चहा घेतला. दहा रुपयाला कप, आलं भरपूर. बाहेर येऊन बघतो तर गाडीला माणसांचा वेढा.

"आबा, ही दबल्याली हाय का अशीच असती?"

"हिला मागं ट्रॉली लागंल का?"

एक पोक्त गृहस्थ वाकून आत बघत मला म्हणाले, "ताई, स्टेरिंग तिकडं हाय आन् तुमी हिकडं. मग समोरनं आलेला पयला तुमाला गाठणार की."

सगळे हसले. मीही हसले. पुढच्या दहा मिनिटांत हसू गेलं.

ह्या रस्त्याचं रुंदीकरण कुठं झालंय, कुठं नुसता मुरूम पडलाय. अरुंद तुकडा लागला आणि पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या. गाडी परदेशी, स्टेरिंग डावीकडं. ट्रॉलीच्या मागं चालवणाऱ्याला उसाशिवाय काय दिसत नाही. दिसतं कुणाला? उजवीकडं बसलेलीला.

"बघ गं, येतंय का?" डॉक्टर म्हणाले. मला नाही, सवयीनं म्हणाले. कळलं मला ते.

मी खिडकीतनं मान बाहेर काढली. नाकासमोर ट्रॉलीचं चाक फिरत होतं, माझ्या डोक्यापेक्षा मोठं. लांबून टेम्पो येत होता.

"येतोय. थांबा."

"किती लांब?"

"थांबा म्हणलं की!"

"अगं, निघतो आपण." आणि घातली गाडी. टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला, शिवी दिली, दोन्ही मलाच ऐकू आलं, कारण त्या बाजूला मी होते. डॉक्टर खूश. "बघितलंस? उचल कशी आहे!"

नवा फोम, कमरेची उशी, मऊ चामडं, सगळं जागेवर होतं. आणि मी त्या सीटवर बसलेच नव्हते. दोन्ही पाय पुढं रेटून वर उचलले गेले होते. अशा बसणाऱ्या बाईची पाठ दुखणार नाही तर काय होणार? निमगाव केतकीपर्यंत आणखी चार वेळा तेच. पानमळे कधी आले, कधी गेले, दिसले नाहीत. मी ट्रक बघत होते.

इंदापुरात अकराला पोचलो. वैनींच्या बहिणीकडं जायचं नव्हतं, ते वैनींसोबतच. उजनीच्या मासळीचं हॉटेल धरलं. चिलापी फ्राय, भाकरी, रस्सा. दोघांचे पाचशे झाले आणि पैसे वसूल. जेवून उठलो तर डॉक्टरांचा डावा पाय खुब्यातनं धरलेला. फाकून बसायचं आणि वर लोखंडासारखा क्लच दाबायचा, सत्तरीच्या माणसाचं दुसरं काय होणार? दोनदा प्रयत्न केला, पाय खाली जाईना. तोंड पांढरं पडलं.

"चावी आना," मी म्हटलं.

"तुला जमणार नाही. गिअर उजव्या हाताला आहे."

"मला दोन हात हायेत. पिकअप मीच हाकते. बसा तिकडं."

म्हातारा गाडीला वळसा घालून पलीकडं गेला आणि दारापाशी थबकला. कुठनं पाय घालायचा ते कळेना. एवढ्या वर्षांत ते त्या सीटवर एकदाही बसले नव्हते! पाठमोरं करून बूड कसं सोडायचं ते मी शिकवलं.

गाडी कशी होती? जड. गुडघ्याला स्टेरिंग लागतं, खांदे दुखतात, पण एकदा रस्ता मोकळा मिळाला की चौथ्या गिअरमधी ती अशी पळते की माणूस खुळा होतो. डॉक्टर का खुळे झाले ते समजलं. माफ नाही केलं, समजलं.

लासुर्ण्याच्या अलीकडं पुढं उसाची ट्रॉली आली.

"बघा डॉक्टर, येतंय का?"

त्यांनी मान बाहेर काढली. "थांब. नाही, जा... नको नको नको!"

टँकर गेला. वाऱ्यानं गाडी हलली. मी ट्रॉलीच्या मागंच होते.

"थांबलीस?" त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"मग? बघायला बसवायचं आन् ऐकायचं न्हाय?"

त्यानंतर ते खालचं घमेलं दोन्ही हातांनी धरून बसले होते. सणसर मागं पडल्यावर आपणहून म्हणाले, "ती नको म्हणाली होती."

"कोन?"

"ही. नऊ वर्षांपूर्वी. ह्याच रस्त्यावर. मी घातली गाडी. वाचलो, विशेष काही झालं नाही. पण घरी येऊन चारचौघांत सांगितलं की हिला अंतराचा अंदाज येत नाही. सगळे हसले. त्यानंतर तिची पाठ दुखायला लागली."

मी रस्ता बघितला. गाडी चालवली.

बंगल्यावर आलो तेव्हा वैनी फाटकात उभ्या. डॉक्टरांना सीटमधून उठता येईना. वैनींनी हात दिला, त्यांनी धरला, आणि अर्धे आत, अर्धे बाहेर असतानाच म्हणाले, "तू नको म्हणालीस तेव्हा मी थांबायला पाहिजे होतं. अंदाज तुझा बरोबर होता."

वैनी काय रडल्याबिडल्या नाहीत. त्यांना ओढून उभं केलं. माझ्याकडून चावी घेतली आणि कमरेला खोचली. पाठमोऱ्या झाल्या, सफाईनं त्या सीटवर बसल्या, दार ओढून घेतलं. "तुम्ही तिकडून या आणि परत सांगा. पहिल्यापासून. सावकाश."

मी फाटक लावून निघाले. चहासुद्धा कुणी विचारला नाही.

घरी येऊन तीन दिवस पाठ धरली. नडगीला इंजिनच्या धगीचा चट्टा आहे, तो जाईल. असली गाडी घ्यायची कुणाची ऐपत असेल तर घ्या बापडे, पण घ्यायच्या आधी पलीकडच्या सीटवर बसून पन्नास किलोमीटर जाऊन या. फोम मी कितीही चांगला घालीन, पण नवऱ्याचे कान उघडणारा फोम अजून बाजारात आलेला नाही.

पुढच्या सोमवारी वैनींचा फोन आला. रविवारी इंदापूरला जाऊन आल्या होत्या, लाल गाडीतून, त्याच सीटवर. जाताना तीन तास लागले. बहीण काळजीनं फाटकात येऊन उभी होती.

"तीन तास? गाडी बंद पडली व्हय?"

"नाही गं. लासुर्ण्यापासून निमगावपर्यंत एका ट्रॉलीच्या मागंच होतो. दर दोन मिनिटाला विचारायचे, येतंय का, येतंय का. मी म्हणायचे, थांबा."

"आन् थांबले?"

"थांबले की."

"एवढी गर्दी व्हती रस्त्याला?"

"छे," वैनी म्हणाल्या. "मोकळा होता."